दोन गाड्यांचा गजू

माही बायको शेवंता जायच्या आठ दिवस आधीची गोष्ट. आमी दोघं अकोल्यात एका नव्या लाल गाडीच्या मागच्या सीटवर बसून होतो. शोरूमची चालवून पाहाची गाडी. इंजिन चालू, रस्ता मोकळा, अन् गाडी जागची हालेना. स्टेअरिंगवर शेवंताचा लहान भाऊ गजू, बाजूले शोरूमची मॅडम. ती म्हणे, "घ्या ना काका पुढे." गजू आरशात पाहून राहिला. ती पुन्हा म्हणे, "गिअर टाका काका." गजू आरशातच. शेवटी शेवंतानं मागून सांगितलं, "टिंग टिंग." अन् गाडी निघाली.

आमचं दोघांचं सोबत केलेलं ते शेवटचं साधं काम. पुढच्या बुधवारी सकाळी तिनं चहा ठेवला, जरा टेकते म्हणाली, अन् गेली. दवाखाना नाई, काई नाई.

तिच्यावर मले लिहिता येत नाई. मी चौथी शिकलेला माणूस, अमरावतीच्या बाजारात पोते मोजता मोजता म्हातारा झालो. गजूवर लिहितो, कारण गजूचा राग येते, अन् रागात मले लिहिता येते.

गजू एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होता. अकोल्याहून धारणीची गाडी, मेळघाटातून. दोन घंट्या झाल्याशिवाय गाडी हालवाची नाई, हे त्याच्या हाडात गेलं. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी हाडातून निघालं नाई. आमच्या घरी जेवाले बसला तरी ताट समोर ठेवून बसून राहे. शेवंता चुलीपाशी असली तर तिथूनच ओरडे, "टिंग टिंग, जेव आता." मग हा घास उचले. ती गेल्यावर पहिल्यांदा आला, तर वरण थंड झालं तरी हा बसूनच. मी म्हणलं, "जेव ना बे." तो म्हणे, "जेवतो ना भाऊजी." जेवला नाई. मग मी चमच्यानं गिलासावर दोनदा ठोकलं. तवापासून ते काम माह्याकडं आलं.

लग्न त्यानं केलं नाई. पोरी पाहिल्या सतरा. ह्याचं ठरेपर्यंत सतराही जणी सासरी गेल्या. "गाडी रूट पाहून ठरवाव लागते, भाऊजी," हे त्याचं ब्रीद. पोरीच्या बाबतीतही हेच म्हणे. भाजी आणाले पाठवला तरी हेच. "वांगे घेऊ का भेंडी, हे रूटवर हाय." आता याचा अर्थ काय, ते त्याले इचारू नये, नाईतर तासभर जाते.

तर गाडी. जल्मभर सरकारची चालवली, आता स्वतःची घ्याची, असं त्याच्या डोक्यात बसलं. पैसा होता, खर्चाले बायको-लेकरं नव्हते. अन् दोन गाड्या त्याच्या मनात भरल्या. एक अकोल्याची ती लाल. नवी कोरी, लहान, बुटकी, मांगं पंख लावल्यासारखं काईतरी अन् धुराची नळकांडी दोन. दुसरी अमरावतीत, बडनेरा रोडच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात. लांब, पांढरी, एका डॉक्टरनं वापरलेली. आत कातड्याच्या सीटा. काच लावली का बाहेरचा हॉर्न नवऱ्याच्या बोलण्यासारखा होते, कानावर पडते पण मनावर घ्यावं वाटत नाई. जुनी म्हणून भाव लाल गाडीएवढाच. म्हणजे पैशानंही निकाल लागत नव्हता.

तेरवी झाली अन् तिसऱ्या दिवशी गजू दारात उभा. "चला भाऊजी, गाडी पाहू."

मी म्हणलं, "तुले काई लाज? बहीण जाऊन पंधरा दिवस झाले."

"पाहाव तर लागनच," तो म्हणे.

गेलो. काहून गेलो, तर शेवंता जिती असतानी उठता बसता म्हणे, "गजूले एकटं सोडू नका, त्याच्या मांगं कोणी नाई." तवापासून दर बुधवारी तो अमरावतीले येते, पांढरी पाहाते, माह्याकडं मुक्काम करते, अन् गुरुवारी मले अकोल्याले नेऊन लाल पाहाते. जाणं-येणं एसटीनं. मंगळवारपासूनच मी गुरुवार टळावा म्हणून देवाले हात जोडतो.

कारण ती लाल गाडी. गजू बासष्टचा, साखरेची गोळी घेते, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. घाटात साठच्या वर कधी गेला नाई. त्या लाल गाडीत एक बटन हाय. एकदा हॉर्न समजून यानं ते दाबलं. गाडी अशी सुटली का मी मॅडमच्या सीटले दोन्ही हातानं कवळ घातली. मॅडम म्हणे, "काका, हा स्पोर्ट मोड आहे." मी म्हणलं, "माय, हा मरणाचा मोड हाय, बंद कर." गजूचं तोंड मात्र पाहासारखं झालं होतं. पंचविशीतल्या पोराचं व्हावं तसं. मले त्याच तोंडाचं भेव वाटलं. शेवंताचा भाऊ माह्या देखत हायवेवर गेला, तर वर जाऊन मी तिले काय सांगू?

बरं, चालवते तो लहान गाडी, पण डोक्यात बसच. वळणावर सारा रस्ता घेते, मांगं अजून वीस फूट गाडी हाय असं समजून. टायर पाहाले टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, सोबत आणते अन् चारही टायरले टोले मारून कान लावते. शोरूमच्या त्या चकचकीत फरशीवर टॉमीचा आवाज झाला का मॅनेजर कॅबिनमधून बाहेर येते. अन् बोरगाव मंजूच्या फाट्यावर तर यानं हद्द केली. सवयीनं गाडी थांब्यावर लावली. दोन म्हाताऱ्या भाजीचे गठुडे घेऊन आल्या. "बाबू, अकोल्याले जाते का?" गजू म्हणे, "जाते, चढा." मेथीचे गठुडे कोऱ्या सीटवर, मी मधात, मॅडम पुढं कपाळाले हात लावून. उतरतानी एक म्हातारी तिकिटाचं सुटं द्याले लागली, तर गजू म्हणे, "कंडक्टरपाशी द्या," अन् माह्याकडं बोट.

मी त्याले किती वेळा म्हणलं, दोनीही घेऊ नको. तो म्हणे, "रूट ठरू द्या." मी म्हणलं, "तीन महिने झाले गजू, रूट रूट करून राहिला, जाणार कुठं हाय तू?" तो टॉमी पुसत बसला.

मागच्या बुधवारी बडनेरा रोडचा दुकानदार टेकीस आला. "काका, परतवाड्याची पार्टी पैसे घेऊन बसली हाय. उद्या अकरापर्यंत सांगा. नाई तं गाडी गेली समजा."

गजूचं तोंड उतरलं. तो पांढऱ्या गाडीपाशी गेला, मागचं दार उघडलं अन् खाली उकिडवा बसला. मले वाटलं, आता टॉमी काढते. तर त्यानं वीत लावली. मागच्या सीटपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत जागा मोजून राहिला. एक वीत, दोन, तीन अन् चार बोटं. मग पुन्हा पहिल्यापासून. आदल्या बुधवारीही त्यानं हेच केलं होतं, त्याच्या आधीच्याही. मी त्याले येडेपणात जमा केलं होतं.

दुकानदार म्हणे, "जागेची चिंता नका करू. मागं कोण बसणार हाय पण?"

"माही बाई," गजू म्हणे. शेवंताले तो बाई म्हणे. "तिचे गुडघे वाकत नाई. त्या लाल गाडीत तिले पाय दुमडून बसा लागलं. शोरूमपासून बायपासपर्यंत अन् परत. बोलली नाई काईच. पण उतरतानी दार धरून उभी राहिली बराच वेळ. मी आरशातून पाह्यलं."

मी तिच्या बाजूले बसून होतो. खांद्याले खांदा लागून. मले दिसलं नव्हतं.

"मग हीच घ्या ना," दुकानदार म्हणे. "पाय लांब करून बसतीन ताई."

त्याले काय माहीत. गजूनं माह्याकडं पाह्यलं नाई. चष्मा काढला, त्या बांधलेल्या दांडीशी चाळा करत राहिला.

"मोठी घेतली, तं मांगं कोणी नाई," तो म्हणे. "अन् लायनी, ती लाल घेतली, म्हंजे…"

दुकानदार माह्याकडं पाहे. मी त्याले हातानं थांब म्हणलं. लायनी घेतली म्हणजे गजूनं मान्य केलं, का आता कोणाच्या गुडघ्याचा इचार करायचं काम नाई. तीन महिने त्यानं गाडी ठरवली नव्हती, कारण तवापर्यंत मागची सीट बाईची होती. अन् मी त्याची लाज काढत होतो.

घरी आलो. मी भाकरी टाकल्या, एक करपली. तो जेवला, ताट धुतलं, भिंतीकडं तोंड करून पडला. आमी दोघंही गाडीचं बोललो नाई. बोलाले मले येत नाई. येत असतं तर तिलेच इचारलं असतं, पाय दुखते का.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजू आंघोळीले गेला, तवा मी दुकानदाराले फोन लावला. त्याचा आवाज झोपेतला होता. म्हणलं, पांढरी परतवाड्यावाल्याले देऊन टाका. तो म्हणे, काकांनी सांगितलं का? मी म्हणलं, काकाच्या भाऊजीनं सांगितलं, अन् फोन ठेवला. मग धुतलेला सदरा घातला, चपला घातल्या, अन् मोरीच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो.

"गजू, आटप. अकोल्याची गाडी पकडाची हाय."

आतून पाण्याचा आवाज थांबला. "कोणती ठरली?"

"लाल. ते बटन दाबशील तर तिथंच उतरीन," मी म्हणलं. "अन् पुढं मी बसणार हाय. माहे गुडघे अजून वाकते."