मागे कोणी राहिलेले नाही

चिंचकोट्यात नदीचं पाणी शिरलं तेव्हा प्रशासन पूर्णपणे सज्ज होतं. गाव सज्ज नव्हतं. पण तशी अपेक्षा कुठल्याच परिपत्रकात केलेली नसल्यामुळं गावाला दोष देता येत नाही. रबरी होड्या आल्या आणि आम्हाला माळवदांवरून उतरवून वरच्या रस्त्यावरच्या शाळेत नेण्याचं काम शिस्तीत सुरू झालं.

शिस्त अशी, की होडीत माणसं घ्यायची, सामान घ्यायचं नाही. माझ्या कडेवर माझी लेक नंदू होती. होडीवाल्यानं तिच्याकडं जरा वेळ बघितलं आणि तिला माणसांत धरलं. माझा नवरा युवराज याच्या हातात पिंजरा होता. तो सामानात गेला.

"सामान न्हाय ओ, राघू हाय त्यात," युवराज म्हणाला.

"राघू ठिवा, पिंजरा बी ठिवा," होडीवाला म्हणाला. "मागनं बघू."

आम्ही पिंजरा माळवदावरच्या जिन्याच्या खोलीत टांगला, वाटीत भिजलेली डाळ घातली आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून दार ओढून घेतलं. शेजारच्या स्लॅबवर महांतप्पांचं कुत्रं पाण्याच्या टाकीला बांधलेलं होतं. आम्ही निघालो तशी त्यानं शेपटी हलवली. नंदूनं तिकडं बोट केलं आणि म्हणाली, "भू भू." तिला अजून तेवढा एकच शब्द येतो.

सगळे शाळेत पोचल्यावर तलाठी शिवानंद यांनी वर कळवलं, 'मागे कोणी राहिलेले नाही.' तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण पाणी उंबऱ्याला लागल्यावर एवढं लांब नाव कुणाच्या तोंडात येत नाही.

शाळेत खिचडी आली. माझ्या सासूबाईंनी, कमलबाईंनी, ताट बाजूला सारलं.

"आत्याबाई, दोन घास तरी खा."

"तिकडं ते उपाशी बसलंय, आन मी खाऊ व्हय?"

राघू माझ्या सासऱ्यांनी, बलभीम यांनी वाढवलेला. सासरे गेल्या दिवाळीत गेले. राघूनं त्यांचा आवाज तेवढा जाऊ दिला नाही. शेतातून परत येताना ते दारातूनच हाक द्यायचे, ती हाक तो रोज सकाळी देतो. आधी बिडीचा खोकला, मग "आलो गं, आलो. च्या ठिव." आत्याबाई वर्ष होत आलं तरी आधणात एक कप पाणी जास्तीचं घालतात. सासऱ्यांचा फोटो आमच्याकडं एकच आहे, आधार कार्डावरचा, आणि त्यात ते कुणीही असू शकतात. खरे सासरे म्हणावेत असं काही उरलं असेल तर तो आवाज होता, आणि तो जिन्याच्या खोलीत टांगलेला होता.

दुसऱ्या दिवशीही आत्याबाई जेवल्या नाहीत, तेव्हा मी शिवानंदांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"भाऊसाहेब, एक होडी आमच्या माळवदावर पाठवा. आमचं जनावर राहिलंय."

जनावर म्हणताच त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "दुधाळ का ओढकाम?"

"दोन्ही नाही."

"मग लहान जनावर. शेळी, मेंढी?"

"पोपट आहे."

शिवानंदांनी टोपण परत लावलं आणि आवाज खाली आणला. "वहिनी, हे माझ्यापुढं बोललात ते बोललात. पोपट पाळणं गुन्हा हाय. पोपट वन्यजीव हाय. वन्यजीव पुरात सापडला, तर तो त्याच्या नैसर्गिक अधिवासात हाय असं धरतात."

"पिंजऱ्यात आहे ओ तो."

"मग तो पुरावा झाला. पुराव्याला जागेवरनं हलवत न्हाईत."

"कोंबडी लिहा की," युवराज मागून म्हणाला.

शिवानंदांनी याचा मनापासून विचार केला. माणूस वाईट नव्हता. "कोंबडी लिहिता येईल. पण कोंबडीला आणायची तरतूद न्हाय, मेल्यावर भरपाईची हाय. दुधाळ घ्या, ओढकाम घ्या, सगळ्यांचं तसंच. जित्या जनावराचा रकानाच न्हाय. आधी काय व्हायचं ते होऊ द्या, मग या."

आत्याबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. "मेल्यावर लई सोय हाय म्हणा की," त्या म्हणाल्या. "आमच्या मालकाची का झाली न्हाय मग? रेशन कार्डावरलं नाव कमी करा म्हणून वर्स झालं खेटे घालतीय."

"ते प्रक्रियेत हाय, आजी."

"ते वर गेले तरी प्रक्रियेतच हायत व्हय?"

नंदू खिडकीच्या गजाला धरून पाण्याकडं बघत होती. "भू भू," ती म्हणाली. शिवानंदांना विषय बदलायला बरं झालं. त्यांनी मदतीच्या खोक्यातून एक बिस्कीट काढून तिला दिलं. "लई गोड हाय पोरगी," ते म्हणाले.

त्याच दुपारी पाहणीला गेलेली होडी घाईनं परत आली. होडीवाला चिखलातूनच ओरडत आला.

"भाऊसाहेब, माणूस राहिलाय. म्हातारा. बलभीमच्या माळवदावर, जिन्याच्या खोलीत. खोकतोय. आमी म्हणलं, बाबा, बाहेर या. तर म्हणतोय, आलो, आलो. आन येतच न्हाय. पुढं काय तर च्याचं बोलला, पर शेजारी एक कुत्रं सारखं भुंकत होतं, नीट ऐकू आलं न्हाय."

"मग दार का उघडलं न्हाय?" शिवानंदांनी विचारलं.

"आमचा हुकूम पाहणीचा हाय. दार उघडलं की ती सुटका होती. सुटकेची होडी येगळी."

शिवानंदांचा चेहरा उतरला. 'मागे कोणी राहिलेले नाही' हे वाक्य तोवर तहसीलला गेलं होतं, तहसीलहून धाराशिवला आणि तिथून मुंबईला. इतक्या वर गेलेलं वाक्य कुणी खाली आणल्याचं त्यांच्या नोकरीत झालं नव्हतं.

"भाऊसाहेब, तो पोपट आहे," मी म्हणाले. "मामंजी वारले."

त्यांनी मोबाइलवर रेशन कार्ड उघडलं आणि पडदा माझ्याकडं फिरवला. "वहिनी, इथं हयात हायत. आन छावणीच्या हजेरीत न्हाईत. म्हणजे कुठं हायत?"

"तुम्हीच मातीला आला होता की."

"आलो होतो," शिवानंद म्हणाले. "पण ते वैयक्तिक आलो होतो."

मग सगळं फार वेगानं झालं. सुटकेची होडी आली, तिच्यात डॉक्टर आले, ऑक्सिजनची नळकांडी आली, व्हिडिओ काढणारा एक तरुण आला. पोपटासाठी ज्या गावात होडी नव्हती, तिथं मृत माणसासाठी होड्यांची रांग लागली. पथकप्रमुखांनी दाराबाहेरून "आलो गं" ऐकलं आणि वायरलेसवर ताबडतोब सांगितलं, "वृद्ध सुखरूप, प्रतिसाद देत आहेत." दार त्यांनी त्यानंतर उघडलं.

होडी काठाला लागली. पिंजऱ्यावर टॉवेल टाकलेला होता. पथकप्रमुख शिवानंदांकडं बघत होते, शिवानंद पथकप्रमुखांकडं. शेवटी शिवानंद आत्याबाईंजवळ आले.

"आजी, नीट बघा आन विचार करून सांगा. तुम्ही न्हाय म्हणालात तर हा पोपट, मग तो जप्त होईल आन मी निलंबित. व्हय म्हणालात तर हे बलभीम."

आत्याबाईंनी टॉवेल उचलला. राघूनं मान वाकडी केली, खोकला काढला आणि म्हणाला, "आलो गं, आलो. च्या ठिव."

आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. "व्हय," त्या म्हणाल्या. "त्यांचाच आवाज हाय."

लगेच अंगठा घेतला गेला आणि वर 'ओळख पटली' असं लिहिलं गेलं. डॉक्टरांनी तपासून शेरा मारला, 'प्रकृती स्थिर, वजन कमी, वर्ण हिरवट.' शासनाकडून एक ब्लँकेट, एक धोतरजोडी आणि आधाराची काठी देण्यात आली. राघूनं ती तिथंच कुरतडायला घेतली, तेव्हा वस्तू लाभार्थ्याच्या उपयोगी पडत असल्याचा फोटोही निघाला.

वनरक्षक गोरोबा कुठूनतरी वास काढत आलेच. "भाऊसाहेब, हा पोपट हाय."

"असा कुठलाही पोपट रेकॉर्डवर नाही."

"मला डोळ्यानं दिसतोय की."

"तुम्हाला ज्येष्ठ नागरिक दिसतायत. मुंबईला कळवून झालंय."

गोरोबांनी एकदा पिंजऱ्याकडं बघितलं, एकदा आपल्या पेन्शनचा विचार केला असावा. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "रामराम, आजोबा."

संध्याकाळी मोठे साहेब छावणीत आले. ते पिंजऱ्यापुढं वाकले, हात जोडले आणि विचारलं, "काय आजोबा, काही गैरसोय?"

"च्या ठिव," राघू म्हणाला.

दोन दिवस आम्ही माणसं शाळेत चहा मागत होतो. साहेबांची गाडी वळायच्या आत चहाचं पातेलं चुलीवर चढलं. आत्याबाईंनी पहिला कप पिंजऱ्यापुढं ठेवला, दुसरा स्वतः घेतला, आणि मग खिचडीचं ताट पुढं ओढलं. तो घास जाताना बघून मला जे वाटलं, ते कुठल्या रकान्यात बसत नाही.

व्हिडिओ फार सुंदर झाला. पाणी, होडी, माळवद, पिंजरा हातात घेऊन उतरणारा जवान. काढणाऱ्या तरुणाची एकच तक्रार होती. "काकू, मधी मधी भुंकणं येतंय. भावना तुटते." म्हणून तिथं त्यानं बासरी टाकली. मुरुमहून नणंदेचा फोन आला, रडून रडून तिचा आवाज बसला होता. पुण्याहून फोन आले, परदेशातून आले. प्राणी आणि माणूस यांच्यातल्या नात्यावर लोकांनी लिहिलं. कागदावर आजोबा होते आणि पडद्यावर राघू, पण दोन्ही शेजारी ठेवून बघणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. 'माणुसकी अजून जिवंत आहे' असं तर इतक्या जणांनी लिहिलं, की तीही रेशन कार्डावर असावी.

सासऱ्यांचं नाव मात्र आता कधीच कमी होणार नाही. शासनानं स्वतः वाचवलेला माणूस मेला होता असं शासन कसं म्हणणार? हयातीच्या दाखल्याला आत्याबाई पिंजरा घेऊन जातात.

पाणी उतरल्यावर आम्ही गावात परतलो. घोट्याएवढा चिखल, सगळीकडं कुजका वास. माळवदावर चढलो तर शेजारच्या स्लॅबवर, टाकीला बांधलेलं, महांतप्पांचं कुत्रं बसलेलं होतं. बरगड्या मोजता येत होत्या. टाकीच्या गळक्या नळाखालचं सिमेंट चाटून चाटून गुळगुळीत झालं होतं. आम्हाला बघून त्यानं शेपटी हलवली. मी खाली धावले आणि मदतीची बिस्किटं होती तेवढी घेऊन वर आले.

महांतप्पा वर येऊन कौतुकानं बघत राहिले. "बघा, किती शहाणं हाय," ते म्हणाले. "एवढा पूर आला, पर जागा सोडून कुठं गेलं न्हाय."

तो व्हिडिओ तुमच्याकडंही आला असेल. तुम्ही पुढं चार जणांना पाठवलाही असेल. बासरी एके ठिकाणी अचानक मोठी होते, तिथं तुमचे डोळे भरून आले असतील. आमच्या घरी तो अजून लागतो. त्या जागेला आला की नंदू पडद्याच्या कोपऱ्यात, जवानाच्या खांद्यामागं, बोट ठेवते आणि आपला तो एकच शब्द म्हणते.

बघणारे म्हणतात, "लई गोड हाय पोरगी," आणि तिच्या हातात बिस्कीट देतात.