आप्पांच्या माशांची खळ

वडगावात आमच्या गल्लीत आप्पांच्या घरी जायचं तर आधी कोपरापर्यंत हात ओले करावे लागतात. पाया पडायला आलेल्या जावयालाही सूट नाही. दारातच सूत रंगवायची जुनी टाकी आहे, तिच्यात आप्पांनी मासे पाळलेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांना हात लावायचा मोह होतो, अशी आप्पांची खात्री आहे.

"कोरडा हात लागला की मास्याची खळ निघत्या, मास्तर."

खळ म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर. आप्पांचा जन्म हातमागावर गेला, त्यामुळे यांना सगळीकडे खळच दिसते. सुताला खळ नसली तर ताणा तुटतो, माशाला नसली तर जंतू शिरतात. त्या बुळबुळीतच म्हणे जंतू मारायचं औषध असतं, आणि तरी एखादा आत घुसलाच तर रक्तातल्या पेशी त्याला गिळतात. "कुणी शिकिवलंय त्यास्नी? जलमतानाच शिकून येत्यात." मोबाईलवर मिळवलेलं हे ज्ञान घेऊन हा माणूस गल्लीला पिडतो. परवा एका बारशात बायका पाळणा म्हणत होत्या, तर यांनी तिथंही माशांच्या पेशींचा विषय काढला.

माझा राग मात्र वेगळाच होता. त्यांची बायको, आमची आक्का, मूत्रपिंड बदलून आल्यापासून दाराशेजारच्या खोलीत एकटी. नवं मूत्रपिंड शरीरानं झिडकारू नये म्हणून गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी अंगाची लढायची ताकदच झोपवलेली. साधी सर्दीही जिवावर बेतायची. आणि नवरा दिवसभर तिच्या खिडकीखाली माशांशी गप्पा मारत बसलेला. याला मी शहाणा म्हणावं तरी कसं?

गेल्या महिन्यात टाकी धुवायला मदतीला गेलो. मोठा कटला मासा हातातून निसटायला लागला, तसा मी त्याला कोरड्या पंच्यात गच्च धरला. आप्पांनी तो माझ्या हातून घेऊन पाण्यात सोडला. चौथ्या दिवशी कटल्याच्या पाठीवर पांढरा चट्टा उठला. त्याला वेगळ्या पिंपात ठेवून आप्पांनी चिमूटभर मीठ टाकलं. "औषध नगो. त्येचं त्यो लढंल." आक्का रोज खिडकीतून त्याची खबर घ्यायची. तिनं जेवण जवळजवळ सोडलं होतं, पण हा प्रश्न सोडला नव्हता.

काल सकाळी गेलो तर आप्पा परसात शेवग्याखाली खड्डा बुजवत होते.

"हरला, मास्तर," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात पुढच्या खिडकीतून आक्काचा आवाज आला. "अवो, आज कसा हाय त्यो?"

"चट्टा भरून आला बग," आप्पा मोठ्यानं म्हणाले. "औषध न्हाय, काय न्हाय. तुजं बी तसंच हुणार."

"मला खुळी समजतासा काय? मास्तर आल्यात न्हवं? मास्तर, तुमी सांगा. खरं व्हय?"

मासा माझ्या हातानं मेला होता. ज्या माणसाला वर्षभर हसलो, तो त्या खिडकीखाली का बसायचा हे मला तेव्हा कळलं, आणि स्वतःची लाज वाटली.

"व्हय आक्का," मी म्हणालो. "लई जोरात फिरायलाय."

मग ती म्हणाली, "तर मग माज्यासाठी अर्धी भाकरी टाका. खाऊन बगते."

आप्पांनी मान डोलावली. पण ती मान तिला आतून दिसणार नव्हती, म्हणून मीच मोठ्यानं "बरं" म्हणालो.