एकाच कोटातली वस्ती

माझ्या हातून जे काही होतं ते चांगल्या हेतूनंच होतं, हे आधीच सांगून ठेवतो. (माझी बायको सत्यशीला म्हणते, "त्याचंच तर भ्या वाटतं.")

जिंतूरच्या आमच्या वस्तीनं जुन्या माणसांच्या फोटोंचं प्रदर्शन विहारात भरवायचं ठरवलं. घरोघरच्या फ्रेमा गोळा करून मोबाइलवर त्यांचे फोटो घ्यायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. दिवसभर कचेरीत जावक क्रमांक टाकणाऱ्या माणसालाही कधीतरी काहीतरी ऐतिहासिक करावंसं वाटतं.

शेजारच्या कडूबाई मावशींनी नवऱ्याची फ्रेम पदराखाली धरून आणली. "दत्ता, उद्या ह्यांच्या आठवणीचा, पुण्यानुमोदनाचा कारेक्रम हाय. दुसरा फोटू न्हाई बरं माझ्यापाशी. सांच्याला वापस पायजे."

"मावशी, काळजीच सोडा!" (त्यांनी तिथंच फ्रेम उचलून घर गाठायला हवं होतं.)

अडचण काचेची झाली. ज्या आजोबांवर मोबाइल धरावा, त्यांच्या कपाळावर माझं टक्कल चमकायचं. म्हणून मी एक छोटासा निर्णय घेतला. फोटो फ्रेमांतून बाहेर काढले, पलंगावर ओळीनं मांडले आणि प्रत्येकाची फ्रेम त्याच्या उशाशी ठेवली. लाइट गेलेली होती, पण खिडकीतून ऊन छान येत होतं. पहिला फोटो घेणार, तोच लाइट आली. पंख्याचं बटण पाचावर होतं.

सगळी वस्ती उडाली. कुणी कपाटाखाली, कुणी तुरीच्या डब्यावर, एक जण तर थेट मोरीत. गोळा करून बघतो तर सगळ्यांच्या अंगात एकच कोट! तीच टाय, तीच फुलदाणी, मागं तोच रंगवलेला बंगला. त्या काळी स्टँडजवळच्या स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी एकच कोट टांगलेला असायचा. जन्मभर दुसऱ्याचे उतरलेले कपडे घातलेल्या आमच्या माणसांना एकदा तरी कोटात उभं राहायचं होतं. क्षणभर ऊर भरून आला. मग कुणाचं कोण हे कळेना, तेव्हा घाम आला.

वडिलांचा फोटो मात्र मी चटकन निवडला, फ्रेमेत बसवला आणि हार घालून आमच्या भिंतीवर लावून टाकला. एक तरी मार्गी लागला. बाकीचे अंदाजानं बसवायला घेतले, तेवढ्यात सत्यशीला शाळेतून आली.

"अहो, कुणाचा नवरा कुणाला द्यायलाव? बलवा सगळ्यांला!"

घटकाभरात घर भरलं. चहाचं आधण चढलं.

"आमचा बा लय उच्चा. बघा, बाही कोपराला आली!"

"आमच्या आज्याची बोटंच दिसंनात. हाच त्यो!"

"पर कोट आमच्या आज्याचा सोताचा व्हता," वस्तीतला सिद्धोधन ठासून म्हणाला. "हैदराबादेहून शिवून आणलेला."

"मंग आमच्या बाच्या अंगात कसा आला?"

"त्येच तर सांगायलोय. लय दिलदार माणूस व्हता!"

हसता हसता लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोण कसं चालायचं, कुणाची शीळ कशी होती, सगळं बाहेर आलं. मी ते मोबाइलवर रेकॉर्ड करत होतो. एकेक फोटो आपल्या फ्रेमेत गेला आणि शेवटी एकच उरला. कडूबाई मावशींनी तो डोळ्यांजवळ नेला आणि माझ्या हातात परत दिला.

"हे आमचे न्हाईत, दत्ता."

त्यांनी रिकामी फ्रेम छातीशी धरली. मी पलंगाखाली शिरलो, कपाट सरकवलं, मोरीत पुन्हा डोकावलो. काही नाही. मग मी तो फोटो सगळ्यांसमोर उंच धरला.

"मावशी, नीट बघा, हेच असतील. ह्या बाबांना तर वस्तीत कुणीच ओळखत नाही!"

सत्यशीलानं कपाळावर हात मारला.

"अहो, ते मामा हायत. तुमचे वडील!"

"मग भिंतीवर कोण?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मावशी उठल्या, भिंतीपाशी गेल्या, हार बाजूला केला आणि काचेवरून हळूच हात फिरवला. त्या रडता रडता हसायला लागल्या, आणि सगळं घरच हसायला लागलं. मी फोटो हातात घेऊन तसाच उभा.

नवऱ्याला पदराखाली घेऊन मावशी उंबऱ्यापाशी थांबल्या.

"दत्ता, उद्या कारेक्रमाला बापालाबी संगं घेऊन ये. तुझी अन् त्येची वळख करून देते."