आधी कढई दाखवा

आमच्या शेजारचे हमीदचाचा मिठाईच्या दुकानात शिरले की मिठाईकडे बघतच नाहीत, थेट मागच्या भट्टीकडे जातात. "आधी कढई दाखवा," म्हणतात. केजच्या स्टँडमागे जन्मभर जीपगाड्या दुरुस्त केलेला माणूस. गाडी घेताना बॉनेट उघडतात, मग मिठाई घेताना कढई का बघू नये, असा त्यांचा सवाल.

गव्हाशी त्यांचं हाडवैर. "गहू लई हरामी जात हाय. कुठं लपून बसंल सांगता येत न्हाई." कारण त्यांची लेक, नसीम. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की तिची आतडी सोलवटतात. एका घासानं आठवडाभर आडवी होते. केजात ज्वारीच्या भाकरीवर पोरगी धडधाकट होती. गव्हाची पोळी आमच्याकडे सणाला, नाहीतर पाहुण्याला. हैदराबादच्या खात्यापित्या घरी दिली, आणि तिथं नव्या सुनेचा मान म्हणून रोज गव्हाची रोटी. त्या मानानंच ती वाळत गेली. डॉक्टरांनी रोग सांगितला, तरी सासू अजून नखरेच म्हणते.

नसीमच्या मुलाचा अकीका होता, म्हणजे आपल्या बारशासारखं जेवण. चाचांबरोबर मीही हैदराबादला गेलो. लेकीला खाता येईल असं एक तरी गोड न्यायचं, एवढाच त्यांचा हट्ट. शहर माणसांनी नुसतं उतू जात होतं, आणि जिकडेतिकडे गहू! हलीम गव्हाचा, डबल का मीठा पावाचा, शेवयांचं तर विचारूच नका. एका दुकानदारानं पेढा पुढे केला. चाचांनी तो ऑइल तपासावं तसा बोटांत चोळला. "मैदा मिलाए ना बे?" दुकानदार खवळला. दुसऱ्यानं शुद्ध बेसनाची शपथ घेतली; चाचांनी त्याच्या कढईत झारा फिरवून मैद्याच्या बालुशाहीचा तुकडा वर काढला. तिथून आम्हाला हाकललं. मान माझी खाली गेली, चाचांची नाही. शेवटी एका म्हातारीकडे जर्दाळूंचा खुबानी का मीठा मिळाला, घरी, वेगळ्या भांड्यात केलेला. चाचांनी तो डबा रिक्षात मांडीवर तान्ह्या मुलासारखा धरला.

जेवायला घरचीच माणसं होती. सासूबाईंनी डबा उघडला आणि बाकीच्यांना वाटून संपवला. नसीमला चमचाभरही आला नाही. तिच्या ताटात त्यांनी दुधात भिजलेला पाव, डबल का मीठा वाढला. "थोडा खाये तो क्या होता जी? खुशी का दिन है!" सगळे बघत होते. नसीमनं मुकाट्यानं तुकडा उचलला.

आता चाचा घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. पण ते मुलीचे बाप. ते एकदम मोठ्यानं हसले, तिच्या हातातला तुकडा काढून स्वतःच्या तोंडात कोंबला आणि तिचं ताटच पुढ्यात ओढलं. "भोत मजे का है! हमारे गाँव में कां मिलता?" सासूबाईंनी पुन्हा वाढलं, चाचांनी पुन्हा चाटूनपुसून खाल्लं. दाढीवरून दूध ओघळत होतं. "गाँव के लोगां, खाने दो," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, चाचाही हसले. नसीम तेवढी खाली बघत होती. मला त्या घराचा असा संताप आला की मी तिथलं पाणीही प्यायलो नाही.

परतीच्या बसमध्ये चाचा पोट धरून बसले होते.

"कशाला एवढं खाल्लंत चाचा?" मी उगाच विचारलं.



"आज मी हुतो म्हणून खाल्लं," ते म्हणाले. "उद्या तिच्या ताटातलं कोण खाईल?"