टिक केलेली तीन पुस्तकं

सावळाराम वारले त्याला आठ दिवस झाले होते. टोकावड्याच्या घरात ओसरीवर बसून त्यांचा मुलगा प्रशांत रविवारी विहारात होणाऱ्या पुण्यानुमोदनाचा निरोप मोबाईलवर लिहीत होता.

"हार नको, नारळ नको. येताना एक वही, एक पेन आणावं. बरोबर ना, आई?"

"बरोबर," चंद्राबाई म्हणाल्या. "ते सोता दुसऱ्यांकडं जाताना तेच न्यायचे. शंभरपानी वही. दोनशेपानी न्या म्हटलं तर म्हणायचे, पोरगं आधी शंभर भरू दे."

प्रशांतने निरोप नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला. आतल्या खोलीत त्याची मुलगी संध्या आजोबांचा सदरा मांडीवर घेऊन बसली होती. खिशात तिला चार घड्यांचा एक कागद सापडला होता. कल्याणच्या एका पुस्तकाच्या दुकानाचं ते पावतीचं पान होतं, आणि त्याच्या मागे आजोबांच्या मोठ्या, सुट्या अक्षरात चार पुस्तकांची नावं होती. पहिली तीन इंग्रजी, चौथं मराठी. पहिल्या तीन नावांपुढे टिकची खूण होती.

संध्या जूनमध्ये मुरबाडच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या वर्गाला जाऊ लागली. पहिल्याच आठवड्यात तिने घरी सांगितलं, पायथन नावाची संगणकाची भाषा शिकवतात, सर भराभर पुढे जातात, सुरुवातीपासून शिकवणारं एखादं पुस्तक पाहिजे. सावळाराम तेव्हा शेंगा फोडत होते. "मी आणतो," ते म्हणाले. "पुस्तक निवडायचं काम माझं."

घरात ते काम त्यांचंच होतं. मुरबाड डेपोत एकतीस वर्षं त्यांनी कंडक्टरकी केली. तिकिटं तेव्हा रंगीत कागदाची असत, पत्र्याच्या पेटीत गड्ड्या रचलेल्या असत, आणि चिमट्याची टकटक ऐकायला पोरं मुद्दाम पुढच्या बाकावर बसत. प्रशांतचे पाढे त्यांनी त्या तिकिटांच्या नंबरांवर पाठ करून घेतले. शाळेचं प्रत्येक पुस्तक ते आधी स्वतः उघडून बघत, मगच त्याला कव्हर चढे.

पण या पुस्तकाला चार महिने झाले तरी ते मिळेना. दर गुरुवारी सावळाराम सकाळच्या एसटीने कल्याणला जात. पंचाहत्तरी ओलांडलेली, त्यामुळे प्रवास फुकट. चंद्राबाईंना सांगत, "गुडघ्याला शेक घ्यायला जातो." संध्याने विचारलं की म्हणत, "शोधतोय. मनासारखं मिळालं नाय अजून." दिवाळीच्या तोंडावर कॉलेजची पहिली परीक्षा झाली. लूपवरचा, म्हणजे संगणकाकडून तेच काम पुन्हापुन्हा करून घेण्याचा, प्रश्न संध्याने कोरा सोडला आणि घरी येऊन दप्तर आपटलं.

"राहू द्या आजोबा. तुमाला काय कळतं त्यातलं?"

"बरं," सावळाराम म्हणाले. पुढच्या गुरुवारी ते पुन्हा कल्याणला गेले. त्यानंतरच्या रविवारी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पुस्तकाविषयी आजोबा-नातीचं तेच शेवटचं बोलणं ठरलं.

आता संध्याला एकच गोष्ट हवी होती. आजोबा जे पुस्तक आणणार होते तेच आणायचं आणि तेच शिकायचं. तिने कागदाचा फोटो काढला आणि वडिलांच्या निरोपाखाली टाकला. "आजोबांनी यातलं कुठलं पसंत केलं होतं? कुणाला बोलले होते का?"

मुरबाडला राहणारी तिची आत्या वंदना हिने दोन्ही निरोप एका दमात वाचले. वर वही-पेन, खाली पुस्तकांची यादी. तिने अर्थ लावला की भावाचा बेत बदलला. तिने लगेच पुढे कळवलं, "वही-पेनऐवजी सावळारामदादांच्या पसंतीचं पुस्तक आणावं. टिक केलेल्या तिन्हीपैकी कुठलंही चालेल." हे तिने सासरच्या ग्रुपवर पाठवलं, विहाराच्या आणि डेपोतल्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवरही पाठवलं.

शनिवारी हा निरोप फिरत फिरत संध्याकडे आला तेव्हा तिने आत्याला फोन केला.

"आत्या, पसंतीची तीनच हे कुणी सांगितलं?"

"टिक कशाला करतात गो? तू शाळेत गेलीस का नाय? बरोबर असलं की टिक, चुकलं की फुली."

"पण सगळ्यांना कशाला कळवलंस?"

"मग दादांची इच्छा घरातच ठेवायची? डेपोची माणसं कल्याण पालथं घालतायत. चंदरभाऊला एक मिळालं, तो दुसरं शोधतोय."

रविवारी विहारात सतरंज्या घातल्या. त्रिसरण-पंचशील झालं. मग एकेक जण उठून सावळारामांच्या फोटोपुढे पुस्तक ठेवू लागला. दहा झाली, वीस झाली. पंचविसाव्या पुस्तकाला फोटोची हनुवटी झाकली गेली, तिसाव्याला मिशी. प्रशांतने फोटो उचलून खुर्चीवर ठेवला.

डेपोतले जुने ड्रायव्हर चंदर सगळ्यांत जाड ग्रंथ घेऊन आले होते. "तिन्हीत हाच घेतला, वैनी. पातळ पुस्तक दोन पावसाळे टिकत नाय."

शेवटी उंबरमाळीहून नवशा आला. सावळारामांची ड्युटी कधी शहापूरकडे लागली की तो त्यांच्याच गाडीने बाजाराला जाई. तेवढी ओळख त्याने चाळीस वर्षं जपली होती. त्याने पिशवीतून काढलं ते पातळ, रंगीत होतं, आणि मुखपृष्ठावर अननसाचं चित्र होतं.

"काका, ही अंकलिपी आहे," संध्या हळूच म्हणाली.

"व्हय. शहापुरात इचारलं, पोरीला पयल्यापासून शिकायचंय. दुकानदार बोलला, मग हेच." नवशाने पुस्तक ढिगाच्या अगदी वर ठेवलं. "बाकीच्यांनी मधलीच आणली वाटतं."

मग भाषणं सुरू झाली. विहाराचे अध्यक्ष ढिगाकडे बघून म्हणाले की, सावळारामदादांना संगणकाची आवड होती. त्यांच्यानंतरचे म्हणाले, नुसती आवड नव्हे, अभ्यास होता. तिसऱ्यांनी त्यांना या वयात संगणकाची भाषा शिकणारा तालुक्यातला पहिला माणूस करून टाकलं. संध्या मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होती. आजोबांविषयी कुणी खोटं बोललेलं तिला सोसवत नव्हतं, आणि उठून खरं सांगायचं तर आपणच त्यांना काय बोललो तेही सांगावं लागलं असतं.

चंद्राबाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "मोबाईलचा चार्जर उलटा घालायचे आणि म्हणायचे लाईट गेली. कुणाबद्दल बोलतायत ही माणसं?"

पुस्तकं झाली एकतीस आणि एक अंकलिपी. विहाराच्या अभ्यासिकेत एकच कपाट. अध्यक्षांनी प्रशांतला बाजूला घेतलं. "तिन्हीची एकेक प्रत ठेवतो. बाकीची बदलून भरतीच्या परीक्षेची आणता आली तर पोरांना उपयोग होईल." प्रशांतला वाशिंदच्या कंपनीतून रजा मिळेना. तेव्हा पुढच्या गुरुवारी दोन पिशव्या घेऊन संध्या निघाली. चंद्राबाईही पदर खोचून तिच्याबरोबर एसटीत चढल्या.

"तू कशाला येतेस, आजी?"

"चार महिने शेक घेऊन गुडघा व्हता तसाच. कुठं जात व्हते ते तरी बघते."

पावतीवरच्या पत्त्याने दुकान सापडलं. मालक साठीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. पुस्तकं बदलून द्यायला ते तयार झाले, पण मोजता मोजता थांबले.

"टोकावड्याहून आलात? मग गुरुवारचे बाबा कुठायत? दोन गुरुवार झाले, आले नाहीत."

चंद्राबाईंनी सांगितलं. मालकांनी चष्मा खाली घेतला, पुसला आणि परत कपाळावर ठेवला. मग आतल्या फळीकडे गेले आणि चार पुस्तकं घेऊन आले.

"ही त्यांनी वाचलेली. इथंच, या कोपऱ्यात उभे राहून. स्टूल दिलं तर बसायचे नाहीत. म्हणायचे, चालत्या गाडीत उभा राहिलेला माणूस मी."

"किती वेळ?" चंद्राबाईंनी विचारलं.

"दोन तास. कधी अडीच."

"तरीच गुडघा."

प्रत्येक पुस्तकात एसटीचं शून्य रुपयांचं एकेक तिकीट खुणेला घातलेलं होतं. पहिल्या इंग्रजी पुस्तकात पान चारवर, दुसऱ्यात नऊवर, त्या जाड ग्रंथात दुसऱ्याच पानावर. चौथं मराठी पुस्तक पातळ होतं, त्याचे कोपरे हाताळून मऊ पडले होते. त्यात तिकीट एकशे त्रेचाळिसाव्या पानावर होतं.

"मी म्हणायचो, बाबा, कुठलंही न्या, सगळी सारखीच," मालक म्हणाले. "तर म्हणाले, जे मला समजंल ते पोरीला सोपं जाईल. तिच्या अडचणीच्या जागा आधी बघून ठेवतो. एकदा मलाच लूप समजावून सांगितलं त्यांनी. टोकावडे ते मुरबाड, मुरबाड ते टोकावडे, डेपो बंद कर म्हणेपर्यंत. शेवटच्या वेळी बोलले, थोडीच पानं राहिलीत, मग नेतो."

संध्याने खिशातला कागद काढून मांडला. तीन टिकच्या खुणा, आणि चौथ्या नावापुढे काहीच नाही.

"पण पसंत तर ही तीन होती," ती म्हणाली.

चंद्राबाईंनी कागद हातात घेतला. अक्षरं त्यांना लागत नव्हती, पण खुणा ओळखीच्या होत्या. "कोण बोललं पसंत? वाण्याच्या यादीला जिन्नस पिशवीत पडला की टिक. गाडीवर गाव मागं पडलं की टिक. टिक म्हंजे झालं, सुटलं. ही तीन त्यांनी सोडलेली आहेत."

मालकांनी काउंटरवरच्या ढिगाकडे पाहिलं. सावळारामांनी नापसंत केलेली पुस्तकं आख्ख्या तालुक्याने त्यांच्या फोटोपुढे वाहिली होती.

"आजी, मग हे आधी का नाय सांगितलंस?"

"मला कागद दाखवला कोणी? सगळी मोबाईलवर बघत व्हती. माझ्याकडं कुठाय मोबाईल."

संध्या हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. काउंटरवर हात टेकून ती तशीच उभी राहिली. चंद्राबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मालक उगाचच पावतीपुस्तक शोधू लागले.

घरी आल्यावर संध्याने दुकानातून आणलेलं ते मराठी पुस्तक पहिल्या पानापासून सुरू केलं. रोज कॉलेजातून आली की ती चुलीजवळच्या पाटावर बसून वाची, वहीत उतरवून घेई. लूपचा धडा दोन दिवसांत झाला. डिसेंबर संपता संपता ती एकशे बेचाळिसाव्या पानावर आली आणि तिथे थांबली. समोरच तिकीट होतं. हल्लीच्या मशीनच्या तिकिटाची शाई उडून जाते. तारीख गेली होती, टोकावड्यातलं ‘टो’ तेवढं दिसत होतं. ती रोज पुस्तक उघडी, मागची पानं पुन्हा वाची आणि मिटून ठेवी. असे नऊ दिवस गेले.

"अवघड आहे काय पुढचं?" चंद्राबाईंनी वरणाला फोडणी देता देता विचारलं.

"नाय."

"मग?"

"पुढचं त्यांनी वाचलेलं नाय, आजी."

चंद्राबाईंनी फोडणीत हळद टाकली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येऊन संध्याने पुस्तक उघडलं. तिकीट एकशे त्रेचाळिसाव्या पानावर नव्हतं. दोन पानं पुढे सरकवलेलं होतं, आणि पानाच्या कडेला हळदीचं बोट उमटलं होतं.