मास्तरांची अदलाबदल

"काका, उभे राहा. ही उभ्याने घ्यायची बैठक आहे," मास्तर म्हणाले.

"बैठक आहे ना? मग मी बसतो," काका म्हणाले आणि बसलेच.

मास्तर शाळेतले नव्हते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या चौघांच्या टीमचे ते स्क्रम मास्टर. रोज सकाळी पंधरा मिनिटं सगळ्यांना उभं करायचं, कोणाचं काय अडलंय ते विचारायचं आणि अडलेलं सोडवायचं, एवढंच त्यांचं काम. ते इतकं मन लावून करत की पंधरा मिनिटांचा तास होई.

आज मात्र ते कंबर कसून आले होते. "हे पद आपल्याला लागतं कशाला? शुक्रवारी ठरवू," असं कंपनीच्या मोठ्या बाई कालच म्हणाल्या होत्या. पद गेलं तर मास्तरही जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"आपल्याकडे एक माणूस रजेवर गेला की काम ठप्प. हे चालणार नाही. चिठ्ठ्या उचला. ज्याची चिठ्ठी येईल त्याचं काम शुक्रवारपर्यंत करायचं!"

"अहो, शुक्रवारी दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या दवाखान्याचं ॲप बघायला येणार आहेत!" चाचणी करणारी ताई कळवळली.

"त्यांना हेच दाखवू. ठरलं म्हणजे ठरलं."

ताईला स्क्रीन सजवणाऱ्या रंगाऱ्याचं काम आलं, रंगाऱ्याला काकांचं कोड लिहायचं, काकांना मास्तरकी आणि मास्तरांना ताईची चाचणी.

रंगाऱ्याने कोडला हात लावला आणि पेशंटने वेळ ठरवायची सगळी बटणं गायब झाली. मास्तर धावत काकांकडे गेले. काका डोळे मिटून बसले होते.

"काका, त्याचं अडलंय! आज मास्टर तुम्ही आहात!"

काकांनी एक डोळा उघडला. "त्याला विचारलंत?"

"अहो, थांबा ना जरा, सापडतंय मला!" रंगारी पलीकडून ओरडला. तासाभरात त्याला सापडलंही.

मास्तर मुकाट्याने जागेवर आले. आता विचारायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून सगळा राग त्यांनी ॲपवर काढला. पहाटे तीनची वेळ मागितली, ॲपने दिली. पेशंटचं वय दोनशे बारा टाकलं, तेही चाललं. एकाच पेशंटला एकाच वेळी दोन खुर्च्यांवर बसवलं, ॲप हूं की चूं करेना. संध्याकाळपर्यंत मास्तरांनी एक्केचाळीस चुका लिहून काढल्या.

"मला तीन महिन्यांत सतरा सापडल्या होत्या," ताई हळूच म्हणाली. "अदलाबदल थांबवायची का?"

"मुळीच नाही. हाती घेतलंय ते तडीस न्यायचं."

पुढचे दोन दिवस रंगारी काकांना विचारून विचारून चुका सुधारत होता. काका विचारलं तेवढंच सांगत.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम पहाटे तीनची वेळ मागितली. ॲपने नम्रपणे नकार दिला. त्या खूश होऊन गेल्या.

"मास्तरांचं काम कोणी केलं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

काकांनी बसल्याबसल्या हात वर केला.

"काय काय केलंत?"

"विशेष काही नाही. लोकांना काम करू दिलं."

बाई हसल्या. "पद राहू दे."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"पण त्यावर काका राहतील."

मास्तरांचा चेहरा उतरला. दोन वर्षं त्यांनी जिवाचं रान केलं होतं, आणि जागा गेली कोणाला, तर डोळे मिटून बसणाऱ्याला! त्यांना फार लागलं ते.

"आणि तुम्ही सोमवारपासून चाचणीप्रमुख. ताई तुमच्या जोडीला असतील. तुमच्यासारखी नजर मी पाहिली नाही. ही घ्या नेमणूक, सही करा."

मास्तरांनी पत्र घेतलं. पेन टेकवलं आणि उचललं.

"बाई, सोमवारी तेरा तारीख आहे. इथे बारा लिहिलंय. आणि कोणाच्या हाताखाली ते कुठेच नाही. चुका लिहायला एक कोरा कागद देता का?"

बाईंनी पत्र पाच वेळा नव्याने छापलं. सहाव्या वेळी मास्तरांनी सही केली, पत्र लांब धरून पुन्हा एकदा नजरेखालून घातलं आणि चार दिवसांत पहिल्यांदाच समाधानाने म्हणाले, "आता बघा, कसं झालं!"