काकूंनी घासलेली बाटली

काकूंना कळकट भांडं बघवत नसे. त्यांचा मुलगा पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. घरच्या नळाचा नमुना न्यायला त्याने न बघताच उचलून आणलेली रिकामी बाटली ओट्यावर दिसली आणि काकूंनी कपाळाला हात लावला. बाटलीवर शाईचे डाग होते, जुन्या कागदाचा चिकटा होता.

"सरकारात हे असलं ध्यान पाठवायचं?" असं पुटपुटत त्यांनी शेजारच्या रंगाऱ्याने आपुलकीने दिलेलं डाग काढायचं औषध घेतलं आणि बाटली आतून-बाहेरून लख्ख घासली. सकाळी मुलाने घाईघाईत तीच भरून नेली. तिची चकाकी पाहून त्याला वाटलं, खात्याने अखेर नव्या बाटल्या घेतल्या.

संध्याकाळी अहवाल आला. गल्लीच्या पिण्याच्या पाण्यात रसायन!

पुढे जे झालं त्यावर गल्लीचा अजून विश्वास बसलेला नाही. दुसऱ्या दिवशी पाणीपुरवठा, आरोग्य, प्रदूषण आणि रस्ते अशी चारही खाती आली, आणि तीही एकदम! रस्तेवाल्यांनी डांबर टाकायचं आणि ते गार व्हायच्या आत पाणीवाल्यांनी खणायचं, हा इथला रिवाज. आज मात्र रस्त्याच्या साहेबांनी पाण्याच्या साहेबांना चक्क विचारलं, "कुठे खणू?"

ते ऐकून समोरचे निवृत्त मास्तर खुर्ची घेऊन बाहेर आले. "आता हे डोळे भरून बघूनच जाणार," ते म्हणाले. कुठे जाणार, ते त्यांच्या बायकोने विचारलं नाही.

आरोग्य खात्याच्या बाईंनी टँकर आणला होता, आणि टँकरमध्ये पाणी होतं. प्रदूषणवाल्यांनी आपलं तपासणीचं यंत्र पाणीवाल्यांच्या हातात दिलं. बायका गॅलरीतून हे भारावून बघत होत्या.

"हे रसायन इथे वापरतं कोण?" प्रदूषणच्या साहेबांनी विचारलं, आणि सगळ्यांच्या माना रंगाऱ्याच्या दुकानाकडे वळल्या.

"साहेब, मी एक थेंब बाहेर सोडत नाही हो!" रंगारी काकुळतीला आला. "सील लागलं तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकायचं नाही."

"चौकशी होईपर्यंत लागणारच." सील करायला लाख नव्हती, ती आरोग्य खात्याने उसनी दिली.

साहेबांच्या हातात पुरावा म्हणून धरलेली रंगाऱ्याच्या औषधाची कुपी काकूंनी दारातून पाहिली. तश्शी कुपी त्यांच्या ओट्यावर होती. मुलगा खड्ड्याच्या काठाशी, जन्मात पहिल्यांदाच साहेबांच्या बरोबरीने छाती फुगवून उभा. बोलावं तर पोराची चार खात्यांसमोर शोभा. गप्प बसावं तर ज्याने डाग काढायला औषध दिलं, त्याच्याच तोंडाला काळं.

"थांबा! ते रसायन माझं आहे," काकू म्हणाल्या. "बाटली मी घासली. पण मी म्हणते, इतकी घाण बाटली तुम्ही माणसाच्या हातात देताच कशी?"

"आई!" मुलगा एवढंच म्हणाला आणि खड्ड्याची खोली अजमावू लागला.

नळाचं पाणी यंत्राने तिथल्या तिथे तपासलं. निर्मळ! रंगारी मटकन पायरीवर बसला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. साहेब लोक मात्र एकमेकांकडे जुन्या नजरेने बघायला लागले. आता 'तुम्हीच बोलावलंत' सुरू होणार, एवढ्यात पाण्याचे साहेब खड्ड्यात वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"अहो, गटाराचा पाइप गळतोय. आपल्या पाइपाला अगदी टेकलाय!"

ते पाणी आज ना उद्या गल्लीच्या पोटात गेलं असतं, हे सांगायला यंत्र नको होतं. चारही खाती कामाला लागली. पाइप बदलला, खड्डा बुजला आणि मग, हो, त्यानंतरच, डांबर पडलं. मास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले.

पेपरात 'खात्यांच्या समन्वयामुळे धोका टळला' असं छापून आलं. काकूंचा उल्लेख नव्हता, पण बातमी पसरायची ती पसरलीच. काही दिवसांनी शेजारच्या गल्लीतली मंडळी दारात आली. त्यांचा रस्ता कधीपासून खणून पडला होता. हातात एक कळकट बाटली होती.

"काकू, एवढी घासून द्या ना."

काकूंनी बाटली उजेडात धरली. "घासते की. त्यात काय! पण सगळे जमल्यावर 'मी केलं' म्हणून पुढे कोण येणार, ते आधी सांगा."

मंडळी एकमेकांकडे बघू लागली, अगदी चार खात्यांसारखी.